प्रथम पक्षाचा मान

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलात तर मी सांगायचा थांबेन. आणि एक बजावून ठेवतो: चूक माझी झाली, मान्य. पण लाज? अजिबात वाटत नाही!

आंधळगावात माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय हो, टिनाचं शेड, द्रोण-पत्रावळीच्या दोन मशिनी आणि कामाला तीन बाया. त्यांच्या म्होरक्या सुमनकाकू. माझ्या आईच्या वयाच्या. मी नववीत शाळा सोडली तेव्हा ‘रिकामा फिरू नको, काही काम शिक’ म्हणून दटावणाऱ्या त्याच. आता अशा बाईला ‘कामाला लागा’ असं कोणत्या तोंडानं सांगणार? मी आपला मशीन सुरू करून बाजूला उभा राहायचो. त्या समजून घ्यायच्या. असा मी मालक!

मोहाडीच्या वकीलसाहेबांनी एकदा मला घाबरवलं. “लेखी काहीच नाही? उद्या वाद झाला तं काय दाखवशील? आधी करार कर.” त्यांनी छापील नमुने दिले. घरी येऊन नावं भरायला बसलो, तर पहिल्या ओळीत ‘प्रथम पक्ष’ आणि त्याखाली ‘द्वितीय पक्ष’.

तुम्हीच सांगा, प्रथम कोणाचं नाव टाकायचं? लग्नाच्या पत्रिकेत आपण थोरांची नावं वर टाकतो की नाही? काकू खाली आणि मी कालचा पोरगा वर? माझा हातच चालेना. काकूंचं नाव वर लिहिलं, माझं खाली. बाकी दोघींच्या कागदावरही तसंच, त्याही मोठ्याच. सगळ्यांनी सह्या केल्या. पुढची पानं वाचली का, असं विचारू नका. तुम्ही वाचता? नऊ नंबरची अट मात्र मी पाठ केली होती: न कळवता तीन दिवस गैरहजर राहिल्यास कामावरून कमी करण्यात येईल. किती जोरदार वाक्य!

पाऊस लागला, धानाची रोवणी सुरू झाली आणि एका सकाळी शेडमध्ये कोणीच नाही. इकडे श्रावणातल्या महाप्रसादाच्या पत्रावळींची ऑर्डर डोक्यावर. दिवस थोडे. चुकली तर ते गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं करणार नाही. मी शेडला कुलूप लावलं आणि तिघींना शोधत धानाच्या शेतांतून बांधी-बांधीनं फिरलो. एकीत जावं तर त्या दुसरीत. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. नोटीस लिहिली आणि निघालो.

पंधरा बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या. मी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर उभा, हातात कागद.

“काय होय रे ते?” काकूंनी वाकल्या-वाकल्या विचारलं.

“नोटीस.”

“माहे हात चिखलात हायेत. तूच वाच.”

वाचली. पलीकडच्या टोकाहून आवाज आला, “जोरानं वाच ना बाप्पा, इकडं काहीच आयकू नाई येत!”

पुन्हा वाचली. जोरानं! ‘कामावरून कमी करण्यात येईल’ म्हणताच पंधराच्या पंधरा खदखदून हसल्या.

“काहून रे,” काकू म्हणाल्या, “आमी रोवणीले जाऊन राहिलो, हे सांगा लागते काय तुले? कोणत्या साली नाई गेलो?”

खरं होतं. पण आता माघार? “ते काही नाही! आता कायद्यानं बोलू!”

हे मी बोललो! एसटीत कंडक्टरला सुटे मागायला लाजणारा मी!

काकूंनी कंबर सरळ केली. “बोलू ना. उद्या चाल वकिलाकडं. माहा कागद बी जपून ठेवला हाय.”

दुसऱ्या दिवशी गेलो. भांडण माझ्याशी, पण काकू बसल्या माझ्याच गाडीवर. रस्ताभर, “हळू चालव, गड्डा हाय.”

वकीलसाहेबांनी करार वाचला. नोटीस वाचली. मग पुन्हा करार वाचला.

“पान दोन वाचलं होतं काय रे? प्रथम पक्ष म्हणजे मालक. द्वितीय पक्ष म्हणजे कामगार.”

“म्हणजे?”

“म्हणजे कागदावर या बाई मालक, तू त्यांचा कामगार. कामगारानं मालकाले कामावरून काढलेलं मी पहिल्यांदाच पाहून राहिलो.”

तीन करार! एका कारखान्यात तीन मालकिणी आणि एक कामगार! कामगार मीच!

काकूंनी पदर सावरला. “साहेब, कामगार न सांगता तीन दिस आला नाई, तं काय करता येते?”

“काढता येते.”

त्या माझ्याकडे वळल्या. “कारखान्याले कुलूप कवापासून हाय रे?”

“पाच दिवस. पण मी तुम्हालेच शोधत होतो ना!”

“कळवलं होतं काय?”

मग मीही पेटलो. “काढा! खुशाल काढा! पण महाप्रसादाच्या पत्रावळी पुऱ्या केल्याशिवाय मी मशिनीवरून हलणार नाही!”

काकूंनी टेबलावरचा आपला कागद घडी घालून कमरेला खोचला. मग म्हणाल्या, “नाई काढत. पण माह्या दोन बांध्या रोवाच्या उरल्या हायेत. उद्या ये. रोवणी झाली का तिघीजणी मशिनीवर.”

दोन दिवस रोवणी केली. कंबर अजून बोलते. पण ऑर्डर वेळेवर पोचली, एकही पत्रावळ कमी नाही!

पुढच्या आठवड्यात नवा करार झाला. वकीलसाहेबांनी पहिल्या ओळीवर बोट दाबून दरडावलं, “इथं मालकाची सही. मालक कोण?”

“मी!” बाहेरच्या टपरीवर ऐकू जाईल असं मी ओरडलो. छाती काढली. पेन उघडलं. पहिल्या ओळीवर टेकवलं.

आणि मान वळवून हळूच विचारलं, “काकू, करू काय सही?”