वुनिबाल्डचं ताट

ख्रिस्ती मठाच्या स्वयंपाकघरात मी, बुर्गल, अख्खी हयात घालवली, पण ब्रदर वुनिबाल्डसारखा हट्टी माणूस दुसरा पाहिला नाही. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा हा डोंगरापलीकडच्या खेड्यातून आला, वेदीपुढं पालथा पडला आणि शपथ घेऊन बसला: याच घरात जगेन, याच घरात मरेन. संत बेनेडिक्टच्या पंथातल्या साधूंची ती रीतच आहे, एकदा शिरलेला मठ मरेपर्यंत सोडायचा नाही.

त्यानं घंटा वाजवली, डुकरं राखली, बिअर गाळली आणि वारलेल्या एकेका ब्रदरला मातीआड केलं. मठाच्या दफनभूमीत भिंतीकडेची शेवटची जागा त्यानं स्वतःसाठी राखली होती. तिथलं गवत काढता काढता म्हणायचा, "माझा पलंग झाडतोय गं."

पण आधी मठच मेला. नवं कोणी येईना, तिघं म्हातारे तेवढे उरले. वरून हुकूम आला: सप्टेंबरअखेर संत मिखाएलचा सण झाला की मठ बंद, तिघांनी शहरातल्या मठात जावं.

"मिखाएलच्या सणाआधी मरतो बघ मी," वुनिबाल्ड म्हणाला.

"जिभेला काही हाड? सूप प्या गुपचूप."

प्यायला, आणि वर बटाट्याचे दोन उकडलेले गोळेही हाणले. कसला मरतोय! मेल्या मरणालाही वेळेवर यायला नको. मला त्याचा राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

सण उलटला. गाडी अंगणात येऊन उभी राहिली, तसा तो जेवणघरात शिरला आणि टेबलावर आपल्या जागी छोटा क्रूस ठेवला. आमच्याकडे ब्रदर वारला की महिनाभर त्याच्या जागी क्रूस असतो, त्याचं ताट वाढतात आणि गरिबाला देतात.

"बुर्गल, आजपासून माझं वाढत जा."

"जिवंत माणसाचं? काहीतरीच अभद्र!"

"इथला वुनिबाल्ड मेला गं. तिकडं जातोय तो कोणी भलताच."

मी क्रूस उचलून त्याच्या खिशात कोंबला. त्यानं तो काढून परत टेबलावर ठेवला. गाडीत बसताना तो रडला नाही, मीच ढसाढसा रडले.

दुपारी स्वतःलाच शिव्या घालत ताट वाढलं: सूप, काळा पाव, बिअर. आता गरीब कुठून आणू? दाराशी जाऊन पाहिलं. मठ ओस पडल्यावर तिथं कोण कशाला येतंय! आणि मला तरी कुठं जायला जागा होती? नोकरी गेलेली, संध्याकाळी किल्ल्या देऊन खोली सोडायची होती.

मग मीच क्रूसासमोर बसले आणि त्याचं ताट संपवलं. धुऊन, पुसून जागेवर ठेवलं. उद्या वाढायला मी असणार नव्हते.