उलटी आवराआवर

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे आवरबुवा म्हणत. मशीन पुसून, हत्यारं जागेवर लावल्याशिवाय तो पाळी सोडत नसे. चोवीस वर्षं काचा उचलून गुडघे कामातून गेले, तेव्हा मालकाने महिना दिला: काच उचलणाऱ्या नव्या यंत्राचा प्रोग्राम लिहून दाखव, टेबलाची जागा तुझी. नाही तर घरी बस.

दोन बोटांनी टाइप करत तो शिकला. प्रोग्राम बंद होताना आपोआप व्हायची कामं आधीच नोंदवून ठेवता येतात, हे वाचून खूश झाला. हाताने करतात त्याच क्रमाने त्याने ती नोंदवली: आधी काच खाली टेकव, मग पकड सोड.

कारखान्यात त्यानेच चिकटवलेला मेहुणा आता संगणक खात्यात होता. त्या टेबलावर त्याचाही डोळा होता. आवरबुवाने त्यालाच प्रोग्राम दाखवला.

"छान लिहिलंय, दाजी. आमच्या पोटावर पाय आणणार तुम्ही."

महिन्याचे उरलेले दिवस यंत्र सुरळीत चाललं. पण काम अर्धवट सोडायची सवय नसल्याने आवरबुवाने ते प्रत्येक वेळी काच ठेवून झाल्यावरच बंद केलं होतं. भरल्या पकडीने एकदाही थांबवून पाहिलं नाही. ती चूक त्याचीच.

परीक्षेच्या दिवशी काच छातीइतकी वर गेली आणि मालक म्हणाला, "मध्येच बंद कर बघू."

त्याने बंद केलं. आधी पकड सुटली. काचेचा चुरा झाला. मग रिकामा हात सावकाश खाली आला आणि चुऱ्यावर अलगद टेकला. लोक हसले.

मेहुण्याने मालकाला समजावलं, "शेवटी नोंदवलेलं आधी चालतं, साहेब. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर असतं."

"तू वाचला होतास ना प्रोग्राम?" आवरबुवाने विचारलं.

"वाचला होता. छान आहे का, एवढंच विचारलंत तुम्ही."

मालकाने विचारलं, "दुरुस्तीला किती वेळ?"

"दोन ओळींची अदलाबदल. एक मिनिट," मेहुणा म्हणाला.

मिनिटात झालं. दुसरी काच मध्येच थांबली, खाली टेकली, मग सुटली. टेबल मेहुण्याला मिळालं. आवरबुवाला संध्याकाळपर्यंत गेटपास जमा करायला सांगितलं.

घरी बायको दारातच उभी होती. "माझ्या भावाला काही बोलला नाहीत ना? त्याचा फोन आला होता. म्हणाला, दाजींसाठी फार धडपडलो, पण त्यांचं डोकंच चालत नाही."

"नाही बोललो," तो म्हणाला.