जळक्या पार्टांची कानातली

"आले," म्हणत वहिनी उठायच्या. तुमच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असोत की नळाच्या भांडणाबद्दल, आतून खाटेच्या लोखंडी दांडीवर चमच्याचे दोन ठोके पडले की वाक्य तिथंच टाकून त्या आत. परत आल्या की बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू. मला याची फार गंमत वाटायची, निदान सुरुवातीला.

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या बराकीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, रेडिओ मेकॅनिक होते. मग त्यांना लकवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, दुकान गेलं. राहिला डावा हात, त्यातला चमचा आणि जुन्या रेडिओंच्या पार्टांनी भरलेले खोके. खोके विकायचं कुणी नाव काढलं की भाऊ भिंतीकडे तोंड करायचे. बरं होऊन त्यांना दुकान पुन्हा उघडायचं होतं.

वहिनींचा उद्योग त्या खोक्यांतूनच निघाला. रेझिस्टर नावाचा एक पार्ट असतो, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, अंगावर रंगीत पट्टे. तांब्याच्या तारेत तीन-तीन गुंफले की असे झुमके व्हायचे की बराकीतल्या सिंधी मुली ते लग्नाला घालून जायच्या. नियम मात्र एकच. प्रत्येक पार्ट भाऊंच्या डोळ्यांसमोर मीटरला लावायचा. सुई हलली तर पार्ट चांगला, परत खोक्यात. नाही हलली तर जळका, तो वहिनींचा.

एकदा मी म्हटलं, वहिनी, चार चांगले ढापलेत तर त्यांना काय कळणार आहे?

"नाही कळणार गं," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं दुकान तेवढं कमी होईल ना."

मला अशा वेळी रागच यायचा. भाऊंचा नाही, वहिनींचा. चार वर्षांत ही बाई कोपऱ्यावरच्या वाण्यापलीकडे गेलेली मी पाहिली नव्हती. वाण्याकडेही ती पळत जायची आणि पळत यायची.

मी तेव्हा अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. तिथं जवळच महिला मंडळाचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. शनिवारी मी वहिनींचे झुमके तिथं नेऊन मांडले. दादरच्या एका दुकानवाल्या बाईंना ते इतके आवडले की त्या दर महिन्याचं काम द्यायला तयार झाल्या. पण बनवणारीला भेटल्याशिवाय नाही. रविवारी पाचपर्यंत थांबते, म्हणाल्या.

वहिनींना मी सांगितलं, माझी रविवारी जादा पाळी आहे, पण दोनला घरी येते आणि भाऊंजवळ बसते, तुम्ही जाऊन या. त्यांनी तीनदा विचारलं, "नक्की ना गं?" मी तिन्ही वेळा नक्की म्हटलं.

रविवारी सुपरवायझरनं विचारलं, थोडे खोके उरलेत, थांबता का? जबरदस्ती नव्हती. माझ्या शेजारच्या दोघी नाही म्हणून निघूनही गेल्या. मला नाही म्हणता आलं नाही. तासाभराचं काम आहे, पोचू, असं वाटलं. तुम्हीही कधीतरी असे थांबला असाल, म्हणून तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. वहिनींना तोंड दाखवायची मात्र वाटली. घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते.

वहिनी उंबरठ्याच्या आत बसल्या होत्या. ठेवणीतली जांभळी साडी, खांद्याला पिन. मांडीवर नुकतेच कानांतून काढलेले झुमके आणि हातात पक्कड. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, काम निघालं असेल, असू दे. मांडीवरच्या झुमक्यांकडे बघत मी विचारलं, हे कधी केलेत?

"काल. चांगल्या पार्टांचे आहेत. सुई हलली, तरी ह्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. खुणेनं म्हणाले, कानात घालून जा."

बोलताबोलता त्यांनी तारा उकलल्या, पक्कडीनं एकेका रेझिस्टरचे पाय सरळ केले आणि सहाच्या सहा चांगल्या पार्टांच्या खोक्यात परत टाकले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात मी दादरला त्या बाईंकडे जाऊन आले. त्यांनी दुसरं कुणी पाहिलं होतं. वहिनींना तेही सांगितलं. त्या फक्त चहा टाकायला उठल्या.

वर्षभरानं आमची बराक पाडायचं ठरलं आणि वहिनींचे दीर दोघांना बदलापूरला आपल्या घरी न्यायला आले. टेम्पोत आधी खाट चढली, तिच्यावर भाऊ, मग खोके. वहिनी खोक्यांच्या पलीकडे, खाटेच्या उशाशी जाऊन बसल्या. बाहेरून त्यांचा चेहरासुद्धा दिसत नव्हता. दिरांनी मागची फळी लावली आणि ड्रायव्हरला निघायची खूण म्हणून पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"आले," आतून वहिनी म्हणाल्या.