मागच्या चाकातली आखूड नळी

पनवेलशेजारच्या गव्हाणच्या माझ्या मित्राने मला मागच्या चाकात फसवलं. पुढचं चाक त्याने चोख दिलं. तेही आधीच लिहून ठेवतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं कोणी म्हणायला नको.

आम्हा दोघांकडे एकाच कंपनीची, एकाच नावाची मोटारसायकल. त्याची आधीच्या सालातली, स्पोकच्या चाकांची. माझी तीन वर्षं नंतरची. तोवर कंपनी अलॉयची ओतीव चाकं देऊ लागली होती. डांबरावर अलॉयसारखं सुख नाही. ट्यूब नसते, पंक्चर दहा मिनिटांत निघतं. पण खडीच्या रस्त्यावर ते दगड खात राहतं आणि एक दिवस चिरतं. स्पोकचं चाक वाकतं, पण वाकलेलं सरळ करता येतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी हिमाचलात स्पितीला जाताना कुंझुम खिंडीच्या अलीकडे माझी पुढची रिम चिरली आणि खिंड न बघता मी परत आलो.

माझं वय छप्पन्न. तरुणपणी पनवेलच्या बाजारात खांद्यावरून लोखंडी पाइप वाहिले, त्याची वसुली आता डावा गुडघा करतोय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टळणार नाही, त्यानंतर असले रस्ते विसरा, काय हौस असेल ती आधी भागवून घ्या. मला ती खिंड एकदा स्वतःच्या गाडीवरून ओलांडायची होती. हौस एवढीच.

गव्हाणवाल्याचा धंदा ट्रेलरचा. रोज उरण रस्त्यावरून बंदराकडे जाणं, रस्त्यात खिळे, पत्रे, काय वाटेल ते. त्याला पंक्चरचा कंटाळा आला होता, आणि कंबर धरल्यापासून लांबच्या फेऱ्या त्याने सोडल्या होत्या. म्हणजे माझी चाकं त्याला हवी होती आणि त्याची मला. माझं नळ-पाइप-फिटिंगचं दुकान आहे. तिथे गल्ल्याशेजारी बसून सौदा झाला.

"शेठ, चाकाला चाक. विषय संपला," तो म्हणाला.

"तुझी चाकं माझ्यापेक्षा तीन वर्षं म्हातारी. वर टायर दे."

"टायर आताच बदललेत वो!"

"म्हणूनच मागतोय."

"काय मानूस हाय! मेल्यावर सरणाची लाकडं पन मोजून घ्याल तुमी."

टायर दिले. मग मी मागचं दातेरी चक्र मागितलं. त्याने दोन शिव्या घातल्या आणि तेही दिलं. राहिलं काम. पुढचं चाक जसंच्या तसं बसणार होतं. मागच्याचा घोळ होता, कारण माझ्या सालापासून कंपनीने मागची आस जाड केली होती. चाकाच्या पोटात दोन बाजूंना दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये एक लोखंडी नळी. आस जाड झाली की बेअरिंग बदलावी लागतात आणि नळी नवी करून घ्यावी लागते. नळी अगदी मापाची हवी. मापाची असेल तर आस आवळताना जोर नळी घेते. आखूड असेल तर तोच जोर बेअरिंगवर जातो आणि ती आतून भरडत जाते.

"ते कामही तूच करून दे," मी म्हटलं. "मला तयार चाक हवं."

"बरं, देतो," तो हसून म्हणाला.

इथे मी चुकलो. तीस वर्षं घासाघीस करतोय. समोरचा माणूस पहिली गोष्ट आरडाओरडा करून सोडतो, दुसरी शिव्या घालून. तिसरी जो हसत सोडतो त्याचा माल उघडून बघावा, हे मी माझ्या दुकानातल्या पोरांना सांगत आलोय. पण हा नऊ वर्षं प्रत्येक फेरीत माझ्या मागे गाडी चालवलेला माणूस. दोनदा माझी पडलेली गाडी त्याने उचलली, एकदा मी त्याची. अशा माणसाचं चाक मी उघडून बघितलं नाही.

गणपती गेल्यावर आमच्या मोटारसायकलवाल्या मंडळींतले आम्ही चौघं निघालो. आमच्यात एक रीत आहे. निघायच्या सकाळी कोणी आपली गाडी तपासत नाही, जोडीदाराची तपासतो. आपली गाडी माणूस आपल्या सोयीने बघतो. माझा नेहमीचा जोडीदार गव्हाणवालाच. फेरीला येणार नव्हता, तरी भल्या सकाळी तो खांदा कॉलनीत माझ्या घरी आला. माझ्याच अलॉयवर बसून आला. चौघांसमोर माझ्या गाडीजवळ बसला, ब्रेक दाबून पाहिले, चेन बोटाने उचलून पाहिली, मागचं चाक फिरवून कान लावला. उठताना कंबर धरून म्हणाला, "बिनधास्त जावा, शेठ. चाकाची हमी माजी."

मनालीपर्यंत चाक लोण्यासारखं चाललं. पुढे डांबर संपलं, ग्रामफूनंतर नुसते गोटे आणि वाहतं पाणी. दुसऱ्या ओढ्यानंतर मागून कुरकुर येऊ लागली. खिंडीखालचं बातल यायच्या आधी चाक आडवं हलायला लागलं. हाताने धरून हलवलं तर सैल दातासारखं हलत होतं. चाकाचा मधला हब हाताला चटका देत होता.

बाकीचे तिघं थांबायला तयार होते. मीच त्यांना जा म्हटलं. मग खिंडीकडून मटारच्या गोण्या घेऊन येणारा एक पिकअप मिळाला. गोण्या सरकवून गाडी वर घातली. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो आणि खिंडीकडे पाठ करून दुसऱ्यांदा खाली आलो.

मनालीच्या मेकॅनिकने चाक उघडलं. बेअरिंगचा चुरा कागदावर झटकला आणि नळी माझ्या हातात दिली. एका टोकाला लेथचा ताजा काप. तिच्यापाठोपाठ दोन पातळ वायसर निघाले, एक अख्खा आणि एकाचे तुकडे. "ये पैकिंग किसने डाला, साहब?" त्याने विचारलं. माझं आयुष्य फिटिंगमध्ये गेलंय. वायसर कशाची उणीव झाकायला घालतात हे मला कळतं, आणि तो आपोआप आत जात नाही हेही.

तिथूनच मी त्याला फोन केला. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या गावाबद्दल बोललो तेवढं मागे घेतो.

पनवेलला आल्यावर मी लेथवाला शोधून काढला. साधा माणूस, त्याने काही लपवलं नाही. "नळी माझ्याकडून आखूड झाली, साहेब. मी म्हटलं, उद्या दुसरी करून देतो. ते म्हणाले, उद्या कोण येतंय, वायसर टाक."

मग मी गव्हाणला गेलो. तो ओट्यावर बसला होता. वहिनींनी चहा आणला, मी घेतला नाही.

"वायसर तू टाकायला लावलेस?"

"लावले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच नाय. तुमीच शिकवलाव ना, गिराईक इचारल तेवराच सांगायचा? आनि येवडी घासाघीस केलीत, मंग नली पन घासूनच येनार."

शेजारचे दोघं हसले. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. ते काम मीच घासाघीस करून त्याच्या गळ्यात मारलं, हेही खरं. सौद्यात त्याने मला आखूड नळी दिली असती आणि गोष्ट तिथेच राहिली असती, तर मी दात खाऊन गप्प बसलो असतो. मीही लोकांना तसा माल दिलाय.

पण दुकानातला कायदा दुकानात. त्या सकाळी खांदा कॉलनीत तो विकणारा नव्हता आणि मी गिऱ्हाईक नव्हतो. कोणी न विचारता तो स्वतःहून आला, जोडीदार म्हणून माझ्या गाडीजवळ बसला, आणि ज्या चाकात काय आहे ते फक्त त्याला ठाऊक होतं त्याच चाकाला त्याने कान लावला. मी त्या चाकावर कुठे चाललोय हे त्याला माहीत होतं. माझा गुडघाही माहीत होता. एक शब्द बोलला असता, "शेठ, एक दिवस थांबा," तर मी शिव्या घातल्या असत्या, नळी बदलली असती आणि खिंड ओलांडली असती.

मंडळी म्हणतात, सोडा आता, दोघंही हट्टी आहात. ऑपरेशनची तारीख ठरली आहे. बदली चाक मला नको, नवी नळीही नको. त्याने येत्या रविवारी त्या तिघांसमोर उभं राहावं आणि सांगावं की चाक फिरवताना त्याच्या मनात काय होतं आणि हमी कशाच्या जोरावर दिली. मी विचारलंच नाही म्हणालास ना, भावा? हे घे, विचारतोय. बोल.