कच्ची पोपटी

मला परत कामावर धाडलं ते पेणजवळच्या एका मावशीनं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

डोलवीच्या कारखान्यात नवा मुकादम झालो आणि माणसं चुकीच्या शिफ्टला बोलावली, वर त्यांच्यावरच ओरडलो. नववीत शाळा सुटलेल्यानं पुढारपण करू नये, असं ठरवून फाट्यावर गावाकडच्या, परभणीच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या शेतात पोपटी लागली होती: वालाच्या शेंगांनी भरलेलं उपडं मडकं, भोवती जाळ.

"ओ पाव्हणं, शेंगा खाऊन जावा!" सगळ्यांना हुकूम सोडणारी मावशी ओरडली.

तिनंच मडकं घाईनं उघडलं. शेंगा कच्च्या!

"मावशे, बैलांना घालू काय?" एकानं टोमणा मारला.

मावशी खदखदली. स्वतःच्याच गालावरून हात फिरवत म्हणाली, "चुकलीस गो बाय, होतं असं. चला रे, पाला आणा, परत लावू!"

सगळे हसत पळाले.

"स्वतःचा राग नाय आला?" मी विचारलं.

"मलाच शिव्या देत बसले, तर पुढची शिवी ह्यांना पडंल ना!"

एसटी आली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर माणसांना म्हणालो, "चुकलं माझं."

"कळलं व्हय एकदाचं!" म्हणत माणसं कामाला लागली.

मावशे, एक दिवस मी लावलेली पोपटी तुला खाऊ घालीन. कच्ची निघाली, तर परत लावीन.