बांधाभोवतीचा दोर

आता मीच शाळेत गणित शिकवते, तरी परिमिती आणि क्षेत्रफळाचा धडा दरवर्षी शेवटावर ढकलते.

मी आठवीत होते. गोरेगावच्या पुढे, ओढ्याच्या अंगाला आमचं रान. त्या उन्हाळ्यात बाबा आणि काकांनी वाटणी केली. मोजणीवाल्याची वाट बघण्याइतका दम दोघांनाही नव्हता. दोराची कल्पना बाबांची. एक तुकडा चौकोनी, दुसरा ओढ्याच्या कडेनं लांबट. मधला बांध मागंपुढं सरकवत दोघं दोन्ही तुकड्यांभोवती फिरले, आणि दोन्हीकडे दोर बारा-बारा वेळा भरला.

"दोर बराबर, मंग रान बराबर," बाबा म्हणाले.

धाकट्यानं आधी उचलायचं ही आमच्याकडची रीत. बाबा धाकटे, त्यांनी चौकोनी तुकडा उचलला. वाटणी पुन्हा मोडायची नाही म्हणून दोघांनी देवाच्या शपथेचा बेलभंडाराही उचलला.

पेरणीला दोघांनी सारखंच सोयाबीन आणलं होतं. आमचं पुरलं, काकांची एक पिशवी उरली. "तिफनीतून बी पातळ पडलं असंल," काका म्हणाले आणि पिशवी घरी घेऊन गेले. कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

पुढे शाळेत सरांनी दोऱ्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारून तो चार टाचण्यांभोवती ताणला. आधी चौकोन केला, मग तोच दोरा ओढून लांबट केला. "काय बदललं नाही ते शोधा," ते म्हणाले. "दोरा तेवढाच आहे. म्हणून आतली जागाही तेवढीच राहिली का?"

मला आमचे दोन तुकडे आठवले. शेजारी काकांची लेक बसली होती. ती मान खाली घालून वहीत तो लांबट आकार काढत होती, अगदी नीटनेटका. तिला कळलं तर ती घरी सांगेल, काका कुऱ्हाड घेऊन बांधावर येतील, एवढंच मला दिसायला लागलं. बाबांचा मला जास्तच कळवळा आला. बिचाऱ्यांच्या हातून नकळत केवढी चूक झाली!

घरी येऊन मी दोऱ्याचा चौकोन जमिनीवर मांडला, त्यात सोयाबीनचे दाणे गच्च भरले आणि दोरा लांबट केला. दाणे बाहेर सांडले. तेवढ्यात बाबा आले.

"काय करून राहिलीस?"

मी सगळं सांगितलं. ते दचकतील, तसेच काकांकडे धावतील, असं मला वाटलं होतं. बाबा खाली बसले आणि सांडलेले दाणे एकेक करून ओंजळीत गोळा करू लागले.

"म्या काथ्यानं करून पायलं व्हतं," ते म्हणाले. "वाटणीच्या आदी."

आवाज नेहमीचाच होता. त्यांनी दाणे माझ्या हातात दिले. "कोणापाशी बोलू नको. बेलभंडारा उचललाय." तोवर मी काकांना भीत होते. त्या दिवसापासून बाबांना भ्यायला लागले. त्यांनी जेवायला हाक मारली तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चुलतबहीण वही घेऊन माझ्याकडे आली.

"मला हे समजलं न्हाई. दोरा तेवढाच, मंग आतली जागा कमी काहून व्हते?"

वर्गात ते माझ्याइतकं कुणालाच समजलेलं नव्हतं.

"सोड ना," मी म्हणाले. "परीक्षेला येत न्हाई ते."

तिचा माझ्यावर फार विश्वास. तिनं पेन घेतलं आणि त्या आकृतीवर आडवी रेघ मारली.