उरलेल्या गोळ्यांचा डबा

तळेगावात माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा छोटी लॅब चालवते. रिटायर झाल्यापासून सकाळी मी तिथं बसतो. जुलाब थांबले की रिपोर्ट न्यायला कुणी फिरकत नाही; त्यामुळे ड्रॉवर रिपोर्टांनी भरतो आणि आम्ही किश्श्यांनी! आयुष्यभर जंतू शिकवले, पण माणसांना काही समजावता आलं का, ही शंका अजून जात नाही.

*

इंदुरीचे आबा आणि आजी लग्नात जेवून आजारी पडले. डॉक्टरांनी आधी आलेल्या आबांना पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. आठवड्यानं दोघंही लॅबमध्ये हजर. गोळ्या पूर्ण घेतल्या का, असं मी विचारलं.

"एकाच पंगतीला बसलो," आबा म्हणाले, "मग गोळ्या बी निम्म्या-निम्म्या केल्या."

*

नवलाख उंबऱ्याच्या एका कामगाराला जुलाब लागले होते आणि सेकंड शिफ्ट गाठायची होती, म्हणून सगळ्यात स्ट्राँग गोळी हवी होती. उगाच घेतलेल्या औषधानं जंतू कसे निर्ढावतात, हे मी अर्धा तास चित्रं काढून सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं. मग सुनंदाला हळूच विचारलं, "मॅडम, डॉक्टर कधी येतील?"

*

लोणावळ्यात बंगला सांभाळणारे एक भाऊ पाहुण्यांना टॉवेल-साबणाबरोबर एकेक अँटिबायोटिक द्यायचे. चिकन खाण्याआधीच! आपल्याकडून कुणी आजारी होऊन जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. मला रागावताच येईना.

*

वराळ्याच्या कौसल्यामावशी आमच्याकडे पोळ्या करतात. त्यांना टायफॉइड झाला आणि ताप कुठल्याच गोळीनं हटेना. आम्ही त्यांच्या रक्तातले जंतू प्लेटवर वाढवले, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, जागा मोकळी राहते. आठांपैकी एकाच चकतीभोवती ती दिसली.

"हितं तेवढं सारवल्यावानी दिसतंय," मावशी म्हणाल्या.

त्या औषधाचं इंजेक्शन डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलं. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि मावशी बास म्हणाल्या. हेही औषध हातचं गेलं तर पुढं काय, या धास्तीनं मला जेवण जाईना. रोज त्यांच्या दारात जाऊन बसायचो. शेवटी माझीच कीव येऊन त्यांनी दहा पुरी केली.

मग मी त्यांचा डबा मागितला. सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या त्यात असत. गल्लीत कुणाचं पोट बिघडलं की मावशी त्यातल्या दोन द्यायच्या, स्वतःही घ्यायच्या. त्यांनी डबा लॅबमध्ये आणून दिला. सुनंदानं उघडला. वरच एक अर्धं पाकीट होतं.

"ते सरांचं," मावशी तिला म्हणाल्या. "जुलाब थांबल्यावर त्यांनीच दिलतं. म्हनले, असू द्या, कुनाला तरी लागंल."